गोळी सोडायला मला दोन वर्षं लागली

मामाचा तो फॉरवर्ड आला तेव्हा मी पतसंस्थेत दिवसाची कॅश टॅली करत बसले होते, जुलै २०२२ चा शेवटचा आठवडा असेल, सांगलीत पाऊस उसंत देत नव्हता. फॉरवर्डमध्ये काय, तर लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय की डिप्रेशनचा आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा काही संबंधच नाही, इतकी वर्षं डॉक्टर आणि कंपन्या मिळून लोकांना उगाच गोळ्या खायला घालत होते, आणि खाली हात जोडलेल्या तीन इमोजी. पाठोपाठ मामाचा स्वतःचा मेसेज, बघ, मी म्हणत नव्हतो?

मामा वाईट माणूस नाही हे आधीच सांगते. सासरे २०२० च्या सप्टेंबरात कोविडने गेले, सांगलीत बेड मिळत नव्हते ते दिवस, तेव्हा सगळ्यात जास्त धावपळ त्यानेच केली होती. पण नंतर माझं जे झालं ते त्याला कधी कळलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नाही. मी रडत वगैरे नव्हते. मी मंडईत पिशवी घेऊन उभी राहायचे आणि गवार घ्यावी का दोडका हे मला ठरवता यायचं नाही, पंधरा पंधरा मिनिटं, भाजीवाली मावशी म्हणायची ताई घ्या की काहीतरी, आणि मी काहीच न घेता घरी. चार महिने असे काढल्यावर जानेवारी २०२१ मध्ये नवऱ्याने मला सायकियाट्रिस्ट मॅडमकडे नेलं, डिप्रेशन किती आहे ते मोजणारा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, सत्तावीसपैकी एकोणीस आले (आयुष्यात पहिल्यांदा मार्क जास्त आले आणि कुणाला आनंद झाला नाही), आणि एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू झाली, आधी ५, मग १० मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर एक. दीड महिन्यात मी दोडका आणला.

तर अशी गोळी, जिने मला उठवलं, ती मी मामाच्या फॉरवर्डवर एका दिवसात बंद केली. कारण मनात ते होतंच ना. दीड वर्ष झालं, आता बरी आहे, मग कशाला, आणि गोळी घेते हे सासूबाईंपासून लपवायला लागायचं, स्ट्रिप मी शिलाईच्या डब्यात दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवायचे. मॅडमकडे जाणंही आठेक महिने सुटलं होतं, मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत होता. १ ऑगस्टला ठरवलं आजपासून नाही.

दोन दिवस काही नाही, मी खूश. तिसऱ्या दिवशी संगणकाच्या स्क्रीनवरून नजर वळवून लेजरकडे बघितलं आणि डोक्यात चट्ट. दुखलं नाही. जुनी ट्यूबलाईट लागताना स्टार्टर कसा एकदा चमकून विझतो, तसं काहीतरी कवटीच्या आत. परत नजर वळवली, परत चट्ट. संध्याकाळपर्यंत पाऊल टाकलं तरी व्हायला लागलं. मग चक्कर, मळमळ, रात्री इतकी खरी स्वप्नं की सकाळी उठून मी नवऱ्याला विचारलं की बाबांचा डबा कुणी दिला, बाबा म्हणजे सासरे, जाऊन दोन वर्षं होत आलेली. आणि चिडचिड, म्हणजे मुलीने पेन्सिलला टोक करताना कचरा खाली पाडला म्हणून मी तिच्यावर ज्या आवाजात ओरडले तो आवाज माझाच होता का असं वाटावं.

जवळच्या फिजिशियनकडे गेले. त्यांनी बीपी बघितलं, कानाचं असेल म्हणाले, व्हर्टिगोच्या गोळ्या दिल्या. मी गोळी बंद केलीय हे सांगितलं होतं, त्यावर, असल्या गोळ्यांची सवय लागत नाही, त्याने काही होत नसतं. ठीक आहे, मी घरी.

राखीपौर्णिमेला माहेरी गेलो, मामा दरवर्षी आईकडून राखी बांधून घ्यायला येतो. मी ओवाळणीचं ताट आणत होते आणि दारातच चट्ट झालं, चौकट धरली, निरांजनातलं तेल ताटात सांडलं. मामा बसल्या जागेवरून म्हणाला, "सुटल्या ना गं गोळ्या? शाब्बास." मी हसले. मग मागच्या मोरीत जाऊन अर्धा तास रडले, कशासाठी ते आजही माहीत नाही. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी मॅडमची अपॉइंटमेंट घेतली.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी शेवटची कधी घेतलीत?" मी तारीख सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा आजार परत आलेला नाही, ही गोळी एकदम थांबवल्याची प्रतिक्रिया आहे, आजार असा तिसऱ्या दिवशी येत नाही, तो आठवड्या-महिन्यांनी हळूहळू येतो, आणि डोक्यात झटके डिप्रेशनमध्ये नसतातच. इंग्रजीत या प्रकाराला ब्रेन झॅप म्हणतात, म्हणजे जगभर इतक्या लोकांना होतं की त्याला नावसुद्धा आहे, आणि मी दहा दिवस कानाच्या गोळ्या खात होते! मॅडमनी १० मिलिग्रॅम परत सुरू केली. चौथ्या दिवशी झटके थांबले.

पुढच्या भेटीत मी फॉरवर्ड दाखवला. वाटलं आता ओरडतील. त्यांनी पूर्ण वाचला आणि म्हणाल्या संशोधन खरं आहे, बातमी खोटी आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोअॅना मॉनक्रिफ आणि मंडळींनी जुलै २०२२ मध्ये आधीच्या सगळ्या आढाव्यांचा मिळून एक आढावा छापला, त्यात एवढंच म्हटलंय की मेंदूत सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं याला सातत्याने टिकणारा पुरावा सापडत नाही. गोळ्या लागू पडतात की नाही हे त्या पेपरने तपासलेलंच नव्हतं. "मीसुद्धा पेशंटना केमिकल कमी झालंय असं सांगायचे," मॅडम म्हणाल्या, "सोपं पडतं, आणि घरचे मग नाटकं करतेय म्हणत नाहीत. पण गुडघा दुखतो म्हणून आपण शेक देतो, शेकाने बरं वाटतं, याचा अर्थ शेक कमी पडला म्हणून गुडघा दुखत होता असं नाही ना." गोळ्यांच्या उपयोगाबद्दल वेगळं काम आहे, २०१८ चं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातलं, ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर माणसं, त्यात तपासलेली एकवीसच्या एकवीस औषधं साखरेच्या गोळीपेक्षा, म्हणजे आत औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस निघाली, पण फरक फार मोठा नाही, मध्यम. मला हे मध्यम शब्द ऐकून उलट बरं वाटलं. माझा जन्म आकड्यांत गेलाय, कुणी शंभर टक्के म्हटलं की मला आधी शंका येते.

आणि गंमत ऐका. त्या फॉरवर्डवाल्या पेपरच्या लेखकांमध्ये मार्क होरोविट्झ नावाचा एक डॉक्टर आहे. त्याचाच २०१९ चा दुसरा पेपर आहे, डेव्हिड टेलर यांच्याबरोबरचा, या गोळ्या हळूहळू कशा सोडायच्या यावर. हा माणूस स्वतः कित्येक वर्षं ही गोळी घेत होता आणि सोडताना त्याचे हाल झाले, हे त्याने जाहीरपणे सांगितलंय. म्हणजे ज्याचा पेपर पुढे करून मामाने मला एका दिवसात गोळी सोडायला लावली, तो माणूस अख्ख्या जगाला सांगत फिरतोय की एका दिवसात सोडू नका.

मी विचारलं, मग सोडूच नको का? मॅडमनी तिथेही आकडे ठेवले, माझा स्वभाव ओळखला असावा. ब्रिटनमध्ये बरी झालेली आणि बराच काळ गोळ्या घेणारी ४७८ माणसं घेऊन त्यांचे दोन गट केले, एकाची गोळी चालू, दुसऱ्याची नकळत कमी करत बंद. वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना आजार परत आला. चालू असलेल्यांपैकी ३९. हे २०२१ मध्ये छापून आलं. मी घरी जाऊन त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले, कारण यातून दोन्ही बाजूंची माणसं आपापलं वाक्य काढू शकतात. गोळी सोडली की निम्म्याहून जास्त लोकांना परत त्रास. आणि, गोळी घेऊनही दहातल्या चौघांना परत त्रास, आणि सोडूनही ४४ टक्के लोक वर्षभर बरे. मी त्या ४४ मध्ये आहे का ५६ मध्ये हे कुणी सांगू शकत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पाच-सहा महिने स्थिर राहा, मग प्रयत्न करू, जमलं नाही तर परत घेऊ, त्यात हरण्यासारखं काही नाही.

संक्रांत २०२३ झाली की सुरुवात केली. मेडिकलमध्ये मिळतात ५, १० आणि २० च्या गोळ्या. त्यामुळे ७.५ म्हणजे पाचची एक आणि पाचची अर्धी. अर्धी करायला आधी भाजीची सुरी वापरली, गोळीचा एक तुकडा थेट फ्रिजखाली गेला, मग गोळी कापायची ती छोटी डबी आणली, झाकणात ब्लेड असतं, खटकन दाबायचं. दर उतरणीला कमीत कमी चार आठवडे, आणि मार्च एंडिंगला काहीही बदलायचं नाही ही अट मॅडमनी स्वतःहून घातली. ७.५ काही जाणवलं नाही. एप्रिलात ५, दोन दिवस जरा झोप उडाली, बस. मला वाटलं झालं की, निम्म्यावर आलो, उरलं निम्मं.

इथेच हिशोब चुकतो. मॅडमनी कागदावर आलेख काढून दाखवला आणि मी तो एसटीच्या भाषेत समजून घेतला. मेंदूत सेरोटोनिन परत ओढून घेणारी प्रथिनं असतात, त्या समजा एसटीच्या सीटा. गोळी येऊन त्या सीटांवर बसते. पहिली थोडी माणसं चढली की भराभर सीटा भरतात, नंतर कितीही गर्दी चढवा, सीटा काय वाढत नाहीत, लोक उभे. आमच्या गोळीची सख्खी बहीण सिटालोप्राम, तिचे मोजलेले आकडे असे की ४० मिलिग्रॅमला ८५ टक्क्यांच्या आसपास सीटा भरतात, २० ला ८० च्या आसपास, आणि ५ च्या किंचित वर असतानाच ६०. म्हणजे ४० वरून २० वर आलं तर चारपाच टक्के सीटा रिकाम्या होतात आणि ५ वरून शून्यावर आलं तर एकदम अख्खी बस. त्यामुळे वरून उतरताना मोठी पावलं चालतात, खाली आल्यावर एकेक पायरी आणखी छोटी करायची. मॅडम स्पष्ट म्हणाल्या की काही वर्षांपूर्वी मी तुम्हाला दहा, पाच, बंद, असं महिन्याभरात करायला सांगितलं असतं, आम्हाला तसंच शिकवलं होतं.

पाचच्या खाली गोळीचे तुकडे जमत नाहीत, पाव भागाचा भुगा होतो. मग त्यांनी सांगितलं तसं पाचची गोळी उकळून गार केलेल्या दहा मिली पाण्यात टाकायची, विरघळू द्यायची, म्हणजे एक मिलीत अर्धा मिलिग्रॅम. मुलगी लहान असताना तापाचं औषध द्यायची सिरिंज कपाटात होती. गोळी पूर्ण विरघळत नाही, पांढरा गाळ तळाशी बसतो, म्हणून बाटली खळाखळा हलवून लगेच ओढायचं, नाहीतर आज नुसतं पाणी प्यायलो आणि उद्या सगळी गोळी, असं व्हायचं. आणि चव! कारल्याचा रस बरा. जिभेच्या टोकाला लागलं की पुढची दहा मिनिटं चहाही कडू. ४ मिलिग्रॅम म्हणजे आठ मिली, ३ म्हणजे सहा, उरलेलं रोज ओतून द्यायचं, हे मला फार जड गेलं, अर्धी गोळी रोज बेसिनमध्ये. (हे वाचून कुणी आपापली बाटली करायला बसू नका, काही गोळ्या फोडायच्याच नसतात, डॉक्टरला विचारा. माझा एकटीचा प्रयोग कसा झाला ते वर लिहिलंय.)

वही केली. तारीख, डोस, झोप किती तास, झटके किती, आणि शेवटच्या रकान्यात भाजी. भाजीचा रकाना नवऱ्याचा. आजार परत येतोय का हे मला आतून कळणार नाही, त्याला बाहेरून कळेल, म्हणून रोज संध्याकाळी तो विचारायचा आज भाजी कुठली, आणि मी पटकन सांगितलं की बरोबरची खूण. सासूबाईंना वही सापडली, त्यांना वाटलं मी भिशी चालवतेय. मग सांगून टाकलं सगळं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, हे गेल्यापासून मला पण झोप लागत नाही, तुझ्या मॅडम म्हाताऱ्या माणसांना बघतात का. तीन वर्षं मी स्ट्रिप दोऱ्यांखाली लपवत होते!

दिवाळी २०२३ ला २ वर होते, जानेवारीत १.५. आणि मग मी शहाणपणा केला. सगळं छान चाललंय, मॅडमची तारीख एप्रिलमध्ये, आपणच जाऊ एकवर, असं म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात १ केलं, मार्च एंडिंगची अट धाब्यावर बसवून. अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे मूळ डोसचा विसावा भाग, काय फरक पडणार. पडला. पाचव्या दिवसापासून झटके, ऑडिटरसमोर बसलेली असताना हाताला कंप, आणि एका रात्री दीड वाजता छातीत इतकं धडधडलं की नवऱ्याला उठवायची लाज वाटली म्हणून टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, १४४१६. मराठीत बोलणारी मुलगी होती पलीकडे, तिने काही जादू केली नाही, शांतपणे विचारत राहिली, गोळीत काही बदल केलाय का हेही विचारलं, सकाळी डॉक्टरांना फोन करा म्हणाली. सकाळी केला. मॅडम रागावल्या नाहीत, परत १.५ वर जा आणि मेअखेरपर्यंत हलू नका म्हणाल्या. वहीत त्या पानावर मी लाल पेनाने रिव्हर्स एंट्री असं लिहिलंय.

जूनमध्ये १ वर जाताना काही विशेष झालं नाही. वेळ दिला एवढाच फरक. त्याच महिन्यात जर्मनीतल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला, मॅडमनीच सांगितला, ७९ अभ्यास आणि २१ हजार माणसं एकत्र करून. गोळी सोडणाऱ्या शंभरातल्या ३१ जणांना काही ना काही त्रास होतो, पण साखरेची गोळी सोडणाऱ्यांतही १७ जणांना होतो. म्हणजे खरा गोळीमुळे होणारा त्रास सहासात माणसांत एकाला, आणि फार तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. मला हे दोन्ही बाजूंनी सांगावंसं वाटतं. काही होत नसतं म्हणणारे फिजिशियन चूक होते. आणि इंटरनेटवर या गोळ्या म्हणजे आयुष्याची बरबादी असं लिहिणारेही चूक आहेत, माझ्याच ऑफिसातल्या एकीने हीच गोळी तीन आठवड्यांत सोडली, तिला काहीसुद्धा झालं नाही, ती माझी बाटली बघून हसायची. मी त्या सहासातांतली एक निघाले इतकंच. शिवाय त्या सतरांतला थोडा भाग माझ्यातही असणारच, वही उघडून झटक्यांचा रकाना भरायला बसलं की एखादा झटका यायचाच.

ऑगस्टात अर्धा, मग पाव, पाव म्हणजे अर्धा मिली, त्याला इन्सुलिनसारखी बारीक सिरिंज. नवरा म्हणायचा होमिओपॅथी झाली आता ही. शेवटचा डोस डिसेंबर २०२४ मध्ये एका मंगळवारी. आधी ठरवलं होतं त्या दिवशी बाहेर जेवायला जायचं, पण मुलीची चाचणी परीक्षा होती, आमटी-भात खाल्ला आणि झोपलो. दोन आठवडे झोप कच्ची राहिली, एकदोनदा चट्ट झालं, जानेवारीत तेही गेलं.

मॅडमनी वहीची झेरॉक्स मागितली, दुसऱ्या पेशंटला दाखवायला, नाव झाकून दिली. शिलाईच्या डब्यात पाचच्या सहा गोळ्या अजून आहेत, तारीख उलटून गेलेली, टाकून द्यायच्या राहिल्यात. मामाला मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट, त्याने शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी अश्वगंधाचा फॉरवर्ड पाठवला.

भाजीचा रकाना बंद झाला तरी नवऱ्याची सवय गेलेली नाही. परवा मंडईत मी एका गाड्यासमोर बराच वेळ उभी होते तर त्याचा फोन, आवाजच बदललेला, कुठे आहेस, काय झालं. म्हटलं गवार एकशेवीस रुपये किलो सांगतोय, विचार करतेय.